माझ्याआधी निघालेलं गाठोडं

इथं नैरोबीत आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका मला अजून विचारतात, "अहो, ते तुमचं गाठोडं म्हणे एकटंच कल्याणला गेलं होतं?" आणि मग पदर तोंडाला लावून हसतात. हसा बायांनो, पोट धरून हसा. पण ऐकीव गोष्टीला तिखटमीठ फार लागतं. परवा तर एकीनं गाठोडं दिल्लीपर्यंत पोचवलं! म्हणून म्हटलं, सगळी हकीकत एकदाची आपणच लिहून काढावी. शिवाय आपल्यातल्या निम्म्याजणी इथंच जन्मलेल्या. त्यांना चाकण कशाशी खातात ठाऊक नाही, मग शेजारचं महाळुंगं कुठून ठाऊक असणार? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी अडचण काय होती ते सांगते. इथं कायमचं राहायची परवानगी हवी, तर ठरलेली वर्षं सलग इथं काढावी लागतात. मध्ये देशी जायचं झालं तर सरकारकडून परत येण्याचा परवाना घ्यायचा, आणि त्यावर लिहिलेल्या तारखेच्या आत मोंबासाच्या धक्क्याला पाय लावायचा. तारीख हुकली की परवाना रद्द आणि मागची वर्षं पाण्यात. नवा परवाना मिळेल की नाही, मिळालाच तर कधी, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. माझी वर्षं जवळजवळ भरत आली होती, आणि नेमके तेव्हाच मला दिवस गेले.

आमचे हे रेल्वेच्या कारखान्यात. ते म्हणाले, "इथं दवाखाना आहे, नर्स आहे. कशाला जीव धोक्यात घालतेस?" मी म्हटलं, "नर्स अंग चोळून देईल का? हुलग्याचं माडगं करून देईल का?" पहिलं बाळंतपण माहेरीच, यात आमच्या महाळुंग्यात दुमत नाही. त्यांनी कपाळाला हात लावला आणि माझा परवाना काढून आणला. बोटीवर चढवताना तारीख माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतली, शाळेतल्या पाढ्यासारखी.

बंदरावरून महाळुंग्याला

बोटीतल्या दिवसांबद्दल लिहीत नाही. मी ते एका घमेल्याच्या सोबतीनं काढले.

मुंबईच्या धक्क्यावर आबा उभे होते. आबा म्हणजे माझे वडील. डोक्याला नवा फेटा, पायात नव्या वहाणा, आणि वहाणा चावत होत्या म्हणून उभं राहणं एका पायावर. मला बघितल्यावर पहिलं वाक्य काय? "चांगली जाडी झाली की गं!" मी म्हटलं, "आबा, आत दोन माणसं आहेत." मग दोघंही हसलो आणि दोघांचेही डोळे भरून आले.

आगगाडीनं तळेगाव आणि तिथून बैलगाडीनं महाळुंगं. इंदुरीपाशी इंद्रायणी लागली तेव्हा मी गाडी थांबवायला लावली आणि पाण्यात पाय बुडवून बसले. बाजरी कापणीला आली होती. लांब भामचंद्राचा डोंगर आपला होता तिथं होता. इथली आपली नैरोबीची माती लालभडक, हवा थंड, सगळं कसं छान. पण ओल्या काळ्या मातीचा नि शेणाचा तो वास नाकात गेला आणि मी चक्क रडायला लागले. आबा घाबरले. "पोटात दुखतंय का?" म्हणाले. मी म्हटलं, "न्हाई वो, बरं वाटतंय." इतक्या वर्षांनी तोंडातून 'न्हाई वो' आपोआप निघालं.

घरी आईनं मासवडी केली होती. मासवडीत मासा नसतो हे इथं किती जणींना सांगून झालंय! बेसनाची पोळी, आत तिळाखोबऱ्याचं सारण, आणि वर झणझणीत रस्सा. बोटीवर ज्या पोटात पाणी ठरत नव्हतं त्यात मी दोन भाकरी घातल्या.

मग गाव लोटलं. "तिकडं सिंव्ह रस्त्यानं फिरत्यात म्हनं?" "तिथं भाकरी कशाची?" मी सांगितलं, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करतात, उगाली म्हणतात, हातानं मोडून भाजीला लावून खातात. शेजारच्या धोंडाकाकू म्हणाल्या, "म्हंजे आपली उकडच की! मंग त्येच्यात काय परदेस?"

ह्या धोंडाकाकूंनीच मला विचारलं होतं, "किती वर्सं ऱ्हायलं म्हंजी तुमी तिथल्या व्हता?" मी कायदा सांगितला. त्यांनी बोटांवर वर्षं मोजली आणि म्हणाल्या, "लई सवंग हाय." खरंच होतं त्यांचं. आमच्या गावातल्या तेल्याचा आजा जुन्नराकडून आला. तेली जन्मला महाळुंग्यात, त्याची नातवंडं आता महाळुंग्यात खेळतात, तरी अजून गाव त्यांना 'जुन्नरवाले'च म्हणतं. आमच्या गावापेक्षा नैरोबीचं सरकार पुष्कळच दिलदार म्हणायचं.

बाजेवर

कार्तिकात मला मुलगी झाली. सुईण म्हणाली, "लक्षुमी आली," आणि आबांनी अख्ख्या आळीत गूळ वाटला. मुलीसाठी गूळ वाटतात का, म्हणून कुणीतरी नाक मुरडलं, तर आबा त्याला म्हणाले, "तुला दोन खडं जास्त दिऊ का?"

बाळंतिणीचं सुख म्हणजे काय ते मी भोगलं. बाजेखाली शेगडी, शेपाओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, आणि आईचे हात. ती चोळायला लागली की मला वाटे, हिनं मला आता कणकेसारखं मळून नवीच मुलगी करून ठेवायचं ठरवलंय. परदेशात आपण सगळं आपल्या हातानं करतो, आणि त्याचा तोराही मिरवतो. पण दुसऱ्यानं आपल्यासाठी पाणी तापवणं ही काय चीज आहे ते तिथं पाटावर बसल्यावर कळलं. मी आईला तसं म्हटलं. ती म्हणाली, "गप. त्वांडात पानी जाईल."

आईनं बाळासाठी एक कुंची शिवली. तिचं लग्नातलं हिरवं लुगडं होतं, जपून जपून विरलेलं, त्याचा पदर फाडून. लाल गोंडा लावला. बाळाच्या डोक्याला ती इतकी शोभली की धोंडाकाकूंनी लगेच काजळाचा टिळा लावायला लावला. आई दिवसभर काम करता करता येऊन ती कुंची उगाच सारखी करून जायची.

सव्वा महिना झाला आणि मी बोटीचा विषय काढला. मुदतीच्या आत पोचवणारी एकच बोट उरली होती. ती शनिवारी सुटणार. म्हणजे शुक्रवारी घर सोडायला हवं.

आई म्हणाली, "शुक्रवारी पश्चिमेला जात न्हाईत."

"आई, अगं..."

"अन् अमुशा झाली की पौस म्हैना लागतोय. पौसात लेकीला तान्ह्या पोरासकट घराभाईर काढू? लोक त्वांडात श्यान घालतील माज्या. माघात जा. माघ चांगला हाय."

मी म्हटलं, "आई, माघात गेले तर तिथं मला उतरूनच देणार नाहीत. बोटीला पौष कळत नाही आणि तिथल्या साहेबाला तर मुळीच नाही!"

जरा जास्तच ओरडले. आई गप्प झाली. आमची आई बोलते तेव्हा माणूस निर्धास्त असतो. ती गप्प झाली की घरातलं मांजरसुद्धा दबकून चालतं. ती दोन दिवस बोलली नाही. फक्त बाळाशी बोलायची, मला ऐकू जाईल अशा बेतानं. "तुजी आय सायबाला भितीया गं बाय. आज्जीला न्हाई भीत."

खरं सांगते, मी भीत होतेच. तारीख हुकली तर हे तिकडं नि मी इकडं, अशी किती वर्षं काढायची? बाळाला बाप कधी दिसणार? रात्री हा विचार आला की मी उठून बसून तारीख म्हणायचे, आणि सकाळी आईचं मिटलेलं तोंड दिसलं की वाटायचं, जाऊच नये.

तोडगा आबांनी काढला. ते पंचांगवाल्या जोशीकाकांकडे गेले आणि फेटा उडवत परत आले. "परस्थान ठिवायचं!"

ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी: निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाची एखादी वस्तू, बरोबर तांदूळ, सुपारी, हळकुंड, असं फडक्यात बांधून जायच्या वाटेवर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. ते ठेवलं की माणूस निघाला असं धरतात. मग तो घरी जेवतोय, झोपतोय, तरी हिशेबानं गेलेला. पुढं जाताना ते गाठोडं उचलायचं. मात्र ते घरी परत आणायचं नाही. मला हे फार आवडलं. तिकडं सरकार म्हणतं, पाय लागल्याशिवाय आलात असं धरणार नाही; आणि आमच्याकडं पाय घरात असतानाच गेलात असं धरतात!

हे ऐकून आई दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "परस्थान असंल तर मंग माझं काय म्हननं न्हाई," एवढंच.

रीतीप्रमाणे वेशीबाहेरच्या एखाद्या घरी ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण आबांना ते पटेना. "समिंदरापल्याड जायाचं, अन् परस्थान खालच्या आळीत? नदीपल्याड ठिवू. पिंपरीला. देवीबाईकडं."

देवीबाई म्हणजे पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतल्या सिंधी बाई. फाळणीत कराची सोडून आलेल्या. छावणीत त्या नवराबायकोचं छोटं दुकान होतं आणि आबा त्यांना चाकणचे कांदेबटाटे घालायचे. मी म्हटलं, "त्यांना आपली रीत काय माहीत?" आबा म्हणाले, "त्या बाईनं एक घर सोडून दुसरं मांडलंय. तिच्या हाताला गुन असतो. तू गप."

मंगळवारी, मार्गशीर्ष संपायच्या आत, आबा गाठोडं घेऊन पिंपरीला जाऊन आले. लाल खणात बांधलेलं, नीट, नारळाएवढं.

शुक्रवार

शुक्रवारी पहाटे ट्रंकेत सगळं भरलं की नाही म्हणून मी शेवटचं बघायला गेले, आणि माझा पासपोर्ट नि परवाना जागेवर नाही! ट्रंक उपसली. गोधड्या झटकल्या. बाळाचं दुपटंसुद्धा उलगडून बघितलं. घामानं डबडबले.

आबा दारातून शांतपणे म्हणाले, "काय हुडकतीस? परवाना व्हय? त्यो परस्थानात घातलाय."

"काय?"

"जोशीबुवा म्हनाले, जानाऱ्याची मोलाची वस्तू ठिवावी. मंग तुज्याजवळ दुसरं मोलाचं काय हाय? चोळी ठिवू? चोळीनं का कुनी बोटीत घेतंय? मेनकापडात गुंडाळून नीट घातलाय. चांगला पोचला म्हंजी तूबी चांगली पोचतीस."

माणसाला एवढं सरळ वागताना बघून ओरडायचं तरी कसं? तरी मी ओरडलेच. आबा म्हणाले, "आता वाटंवरच हाय की पिंपरी. उचलू अन् जाऊ." हेही खरंच होतं. मी डोळे पुसले आणि गाडीत बसले. आई चिंचवड स्टेशनापर्यंत येणार होती.

देहूरोडला लष्कराच्या मोटारींची रांग लागली. एकामागून एक, संपेचनात. बैल बुजले, बाळ उठलं, आणि मी मनात त्या प्रत्येक मोटारीला शिव्या दिल्या. आई म्हणाली, "आजचा दिवसच पश्चिमेला जायाचा न्हाई," आणि लगेच जीभ चावली.

पिंपरीत त्या वेळी एकीकडं छावणीच्या बराकी आणि एकीकडं कारखान्यांच्या नव्या भिंती उठत होत्या, मध्ये जोंधळ्याची शेतं. देवीबाईंचं दार उघडंच होतं. उंच, गोऱ्या, डोक्यावर पांढरी ओढणी. त्यांनी आम्हाला बसवलं आणि पाण्याबरोबर भाजलेला पापड दिला. आपण पाहुण्याला गूळपाणी देतो, त्यांच्यात पापडपाणी. घसा कोरडा पडलेला असताना तो पापड गिळताना माझी काय अवस्था झाली ते विचारू नका.

आबा म्हणाले, "बहेन, वो गठडी देव."

देवीबाई हसून म्हणाल्या, "वो तो आगे गया!"

"आगे?"

"कालच. माझा घरवाला कल्याणला गेला ना, माल आणायला. त्याच्याबरोबर दिला. कल्याणच्या छावणीत माझा देवर आहे." त्या मोडक्या मराठीत आणि हिंदीत मिळून बोलत, पण शब्द न् शब्द कळत होता. "भाऊ, तुम्हीच बोलला ना, ही गठडी पुढं जाणार, मागं नाही येणार?"

मी उभी राहिले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. आबांना बोलले, जोशीकाकांना बोलले, त्या बिचाऱ्या बाईलाही बोलले. शेवटी म्हटलं, "अहो, त्यात माझा परवाना आहे! तो गेला तर मी गेले! कशाला पाठवलंत तुम्ही? ठेवायला दिलेलं माणूस ठेवतो!"

देवीबाईंचा चेहरा उतरला. खाली बसल्या. म्हणाल्या, "बेटी, ठेवलेलं मिळत नाही. मी कराचीला शेजारणीकडे एक गठडी ठेवली होती. सासूच्या बांगड्या, लग्नाची ओढणी. बोलले, दोन दिवसांत येते. शेजारीण चांगली होती, वाईट नव्हती. पण मी परत जाऊच शकले नाही." मग माझा हात धरून म्हणाल्या, "म्हणून तुझी पुढं पाठवली. पुढं गेलेलं सामान मिळतं. मागं राहिलेलं नाही मिळत."

माझा राग होता, तो कुठं ठेवायचा ते कळेना.

देवीबाईंनी तेवढ्यात पायात चपला सरकवल्या. "चला. मी येते. देवरचं घर मी दाखवते."

"तुमचं दुकान?"

"दुकान उद्या पण आहे."

आबा बैल जुंपायला गेले, मी बाहेर पडवीत भिंतीला टेकून रडून घेतलं. आई बाळाला घेऊन आत देवीबाईंजवळ होती. आईला हिंदी येत नाही आणि त्यांचं मराठी बेताचं, तरी दोघींचं आत काहीतरी बोलणं चाललं होतं.

चिंचवडला पॅसेंजर आली. आईनं बाळ दुपट्यात गच्च गुंडाळून माझ्याकडं दिलं. मला वाटलं आता ही रडेल. तिनं फक्त माझ्या कपाळावरचं कुंकू नीट केलं. "जा. मागं बघू नगंस." मी रीतीप्रमाणे बघितलं नाही. त्याची रुखरुख अजून आहे.

कल्याण

कल्याणची छावणी म्हणजे सैन्याच्या बराकींचं एक शहरच. सगळ्या बराकी एकसारख्या. देवीबाई मात्र बोळामागून बोळ अशा चालत होत्या की आबांना फेटा सांभाळत पळावं लागत होतं.

देवराच्या दारात त्याची बायको पोळपाट घेऊन बसली होती. तिनं देवीबाईंना बघितलं, हात जोडले आणि आनंदानं सिंधीत काहीतरी सांगितलं. देवीबाईंनी डोळे मिटून घेतले.

मी म्हटलं, "काय झालं?"

"घरवाला बोलला, ही गठडी थांबत नाही, आगे जाती है. तर देवर आज सकाळी मुंबईला घेऊन गेला. बंदरावर. बोट सुटेपर्यंत तिथंच थांबणार."

ह्यावर आबा काय म्हणाले असतील? म्हणाले, "लई नेकीची मानसं हायेत!"

मला हसू आलं हो. इतकी घाबरले होते की हसूच आलं. मी हसतेय हे बघून देवीबाई हसल्या, ती पोळ्या करणारी हसली, आणि मग हसता हसता मी पुन्हा रडायला लागले. त्या बाईनं माझ्या हातून बाळ घेतलं, पाणी तापवलं, त्याला अंघोळ घातली, मला पालकाची घोटलेली भाजी आणि गरम पोळी वाढली. ना ओळख ना देख. दोन खोल्यांचं घर, माणसं आठ. त्यातली एक खोली आम्हाला दिली. उद्या तो माणूस बंदरावर सापडेल का? त्यानं मला कधी बघितलेलं नाही, मी त्याला नाही. बोट मात्र सुटणार होती. मी बाळाला छातीशी धरून, पाहिजे तेवढ्या देवांना पाहिजे ते कबूल केलं. कुलदैवताला दोनदा.

धक्क्यावर

शनिवारी सकाळी बंदरावर ही गर्दी. निरोप द्यायला आलेली माणसं, ट्रंका, पेट्या, हमाल, पोलीस. देवीबाई टाचा उंच करून देवराला शोधत होत्या. आबा ट्रंकेवर उभे राहिले होते. मी बाळाला घेऊन ट्रंकेशी उभी होते. फाटकाशी साहेबलोक कागद तपासून एकेकाला आत सोडत होते. आपल्याजवळ कागद नाही, आणि आपण आत जाणाऱ्यांकडे बघतोय, याहून वाईट काही नसेल.

तेवढ्यात कुठूनतरी हाक ऐकू आली. "महालुंगे! महालुंगे!"

मला वाटलं, भास झाला. पुन्हा आली. "महालुंगे! महालुंगे!"

गर्दीत एक काटकुळा माणूस, पांढरा पायजमा, डोक्यावर लाल खणाचं गाठोडं दोन्ही हातांनी धरलेलं. कडेवर मूल असलेली बाई दिसली की तिच्यापुढं जाऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "महालुंगे?" बायका घाबरून सरकत होत्या. हमाल त्याची टिंगल करत होते. एकजण तर त्याला 'ओ महालुंगे, बाजूला व्हा' म्हणाला. आदल्या दिवसापासून तो हेच करत होता. माझं नाव त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, फक्त गावाचं.

मी लाजबीज सोडून ओरडले, "मी! अहो, मी महाळुंगे!"

तो आला. घसा पार बसलेला. गाठोडं त्यानं डोक्यावरून उतरवलं, पण माझ्या हातात लगेच दिलं नाही. आधी मला खांद्याला धरून बोटीकडं तोंड करून उभं केलं आणि मग पुढून माझ्या हातात ठेवलं. म्हणजे शेवटच्या पावलालासुद्धा ते मागं यायला नको! मी गाठ सोडली. तांदूळ, सुपारी, हळकुंड, आणि मेणकापडात माझा पासपोर्ट नि परवाना, कडेनं हळदीनं पिवळा झालेला.

आबा म्हणाले, "बघ. तुज्या आदी पोचलं का न्हाई परस्थान?"

त्यांना एक फटका मारावा असं वाटलं आणि पाया पडावं असंही वाटलं. पाया पडले. देवीबाईंच्या पडले, त्या देवराच्याही पडायला वाकले, तर तो बिचारा लाजून मागं सरकला. आदल्या दिवशी मी देवीबाईंना जे बोलले त्याबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला शेजारणीकडे असं ओरडून मागता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं."

समुद्राचा वारा गार होता. बाळाच्या डोक्यावर घालायला मी कुंची शोधू लागले. पिशवीत नाही, दुपट्यात नाही. म्हटलं, झालं! एवढं सगळं मिळालं आणि आईची कुंची कुठं पडली? आबांना विचारलं तर ते समुद्राकडं बघायला लागले.

देवीबाईंनी ओढणीच्या आतून कमरेची पिशवी काढली, उघडली आणि मला दाखवली. आत हिरवी कुंची, लाल गोंडा, आणि फडक्याच्या कोपऱ्याला बांधलेली एक सुपारी.

"तुझ्या माँनं काल दिली. बोलली, ही परत यायची गठडी. तुझी आणि बेबीची. तिकडून येताना महालुंग्याच्या आधी माझं घर लागतं ना."

मी आबांकडं वळले. "आबा, परत यायचं परस्थान? असं कुठं शास्त्रात असतं का?"

आबा म्हणाले, "शास्त्रात न्हाई. तुझ्या आईत हाय."

देवीबाईंनी पिशवीचं तोंड आवळलं, पुन्हा कमरेला खोचली आणि वर हात ठेवला. "फिकीर नको करू, बेटी. ही मी पुढं नाही पाठवणार."

भोंगा झाला. मी बाळाचं डोकं पदरानं झाकलं आणि आत गेले.

पुन्हा इथं

मोंबासाला उतरले तेव्हा मुदतीचा एक दिवस शिल्लक होता. साहेबानं पासपोर्ट उघडला तर टेबलावर चार पिवळे तांदूळ सांडले. त्यानं ते बोटानं बाजूला सारले, माझ्याकडं बघितलं, बाळाकडं बघितलं, आणि विचारलं, "इथं कायमचं राहायचा विचार आहे ना?" आमचे हे फाटकापलीकडं टाचा उंच करून उभे होते. मी म्हटलं, "हो, कायमचं." त्यानं शिक्का मारला.

मी खोटं बोलले नाही. पुढं वर्षं भरली, कायमची परवानगी मिळाली, मुलगी इथल्या बालवाडीत जाते, उगाली हातानं मोडून खाते. ह्या देशानं आम्हाला ठेवून घेतलं, त्याचे उपकार आहेतच. सरकारच्या मोजणीनं आम्ही इथल्या झालो.

आणि आईच्या मोजणीनं आम्ही दोघी त्या शनिवारपासून परतीच्या वाटेवर आहोत. इथं राहतोय, जेवतोय, झोपतोय, तरी हिशेबानं निघालेल्या. मला दोन्ही मोजण्या कबूल आहेत. आबा चाकणचे कांदे घेऊन पिंपरीला गेले की देवीबाईंच्या घरात आधी खुंटीकडं बघतात म्हणे. कुंची तिथंच आहे. देवीबाईंनी ती अजून कुठंही पाठवलेली नाही.